मे महिन्यातला रमजान

आमच्या घरात वर्षं मोजायची दोन मापं होती. एक भिंतीवरच्या कालनिर्णयाचं आणि दुसरं दादीचं. “रमजान नारळी पुनवेला होता, तवा तुझा बाप झाला,” ती सांगायची. “भात पोटरीत होतं तवाच्या रमजानात तू झालीस.” चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी तोकडं. म्हणून रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो आणि सगळ्या ऋतूंची फेरी करून बत्तीस-तेहेतीस वर्षांनी पुन्हा आपल्या जागी येतो. मे महिन्यातल्या रमजानाची पाळी माणसाच्या वाट्याला दोनदा येते, फार तर तीनदा.

आम्ही सात भावंडं, सख्खी आणि चुलत. आमच्या वाट्याला ती आतापर्यंत दोनदा आली. १९८६ च्या आसपास आणि २०१८ च्या आसपास. ईदला सगळे जमलो, शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या की बोलणं फिरून फिरून त्या पहिल्या रमजानावर जातं. प्रत्येकाला तो वेगळा आठवतो. बुबू, म्हणजे माझी थोरली चुलत बहीण, म्हणते दादीचा बधना तांब्याचा होता. माझा भाऊ म्हणतो पितळेचा. बधना आता माझ्याकडे आहे आणि तो तांब्याचाच आहे, पण आतून-बाहेरून कल्हई केलेला असल्यामुळे तेव्हा पांढराफेक दिसायचा, हे दोघांनाही आठवत नाही.

बधना म्हणजे तोटीचा तांब्या. नमाजाआधी वजू करायला, म्हणजे हात, तोंड, पाय धुवायला तो लागतो. दादीचा बधना सव्वा लिटरचा. तेवढ्या पाण्यात तिचं वजू व्हायचं आणि तळाशी घोटभर उरायचंसुद्धा.

१९८६ चा रमजान ११ मेच्या सुमारास लागला. चिपळूणच्या जुन्या मोहल्ल्यात, वाशिष्ठीच्या काठापासून जवळच आमचं जांभ्याच्या चिऱ्याचं घर. ओटी, माजघर, वर माळा, मागच्या दाराला न्हाणी आणि विहीर. घरात तीन बाया आणि सात पोरं. बाबा कुवेतला, चाचा बोटीवर. मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांत हेच. कोकणातल्या मुसलमानांच्या दोन-तीन पिढ्यांचे पुरुष आधी खलाशी म्हणून दर्यावर गेले आणि पुढे आखातात. घरं बायांनी चालवली. आगोटीची बेगमी करणं, सुकी मासळी डब्यात भरणं, कौलं चाळायला माणूस बघणं, पावसाआधी झापं विणून पडवी झाकणं, सगळं दादी, अम्मा आणि चाची करायच्या. पाण्याचा कारभारही त्यांचाच होता.

मे लागला की आमच्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं. तशी वाशिष्ठी उन्हाळ्यात आटत नाही. कोयनेचं पाणी वीज करून झालं की कोळकेवाडीहून तिच्यात उतरतं. पण खाडीची भरती वर चढली की काठच्या विहिरींना खारेपणा येतो. त्या दिवसांत पिण्याचं पाणी मशिदीच्या विहिरीवरून आणायचं. मशिदीची विहीर गोडी. जोहर आणि असर या दोन नमाजांच्या मधल्या वेळात मशिदीत पुरुषांचा वावर कमी, म्हणून तो वेळ बायांचा. त्या वेळी तिथे आमच्याइतक्याच शेजारच्या आळीतल्या काकू, वहिनी हंडे घेऊन यायच्या. माझी रोज्याने सुकलेली जीभ आणि समोर वर येणारा पोहरा, हे मला आजही स्वप्नात दिसतं. एकदा एक काकू ओंजळीने पाणी प्यायला वाकल्या आणि आमच्याकडे बघून तशाच थांबल्या. आमचे रोजे आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. दादी म्हणाली, “पी गं बाई, तू प्यालीस तर आमचा रोजा अजून चांगला होईल.”

दादीने त्या वर्षी एक गोष्ट केली. परसात न्हाणीपासून विहिरीपर्यंत जी झाडं होती, ती आम्हा पोरांत वाटून दिली. बुबूला नवा लावलेला माड, भावाला शेवगा, मला पेरू, चुलतभावांना केळीची बनं. ज्याने त्याने आपल्या झाडाच्या आळ्यात पाट टाकून बसायचं आणि तिथेच वजू करायचं. दिवसाच्या नमाजा पाच, म्हणजे झाडालाही पाच वेळा पाणी. त्या मे महिन्यात माझ्या पेरूला रोज पाच-सहा लिटर पाणी मिळालं, वेगळा थेंबही न काढता. कुणी न्हाणीत वजू करताना दिसलं तर दादी ओरडायची नाही. ती जवळ यायची आणि विचारायची, “आज तुझ्या झाडाचा रोजा काय?”

आता कुणी विचारलं की तुमच्या आजीला पर्यावरणाची जाण होती का, तर मला काय सांगावं ते समजत नाही. तो शब्दच तिला ठाऊक नव्हता. तिला ठाऊक होतं ते एवढंच की पैगंबरसाहेब एक मुद् पाण्यात वजू करायचे. मुद् हे अरबांचं जुनं माप, पाऊण लिटरच्या आतबाहेरचं. आणि वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी वजूचं पाणी वाया घालवू नये, ही त्यांची शिकवण तिने मुखोद्गत केली होती. वाशिष्ठी तर दारातच होती, त्यामुळे तिला ती शिकवण खास आपल्या घरासाठी सांगितल्यासारखी वाटायची. पाण्याचा हिशेब वर द्यायचा आहे हे तिच्या लेखी तितकंच खरं होतं, जितका वाण्याचा हिशेब महिनाअखेर द्यायचा असतो.

घर कसं थंड ठेवायचं हेही त्या बायांना ठाऊक होतं. वर मंगळुरी कौलं, त्यांच्याखाली लाकडी माळा, खाली सारवलेली जमीन. दुपारी माजघरात ओले पंचे टांगायच्या आणि आम्ही सगळे उघड्या जमिनीवर पालथे पडायचो. इफ्तारला कुवेतहून बाबांनी पाठवलेला खजूर, माठातलं पाणी, नारळाच्या दुधातली कोकमाची तिवळ आणि कलिंगडाच्या फोडी. चाची तिवळीत मीठ किंचित जास्त टाकायची. ते का, हे मला फार पुढे डॉक्टरांकडून कळलं.

मग आमचं घर बदललं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बाबांनी कुवेतमध्ये अहमदीच्या तेलाच्या कामांवर वेल्डर म्हणून जे हाल सोसले, त्याची मला कल्पना आहे. त्या पैशाने आमची शिक्षणं झाली, बुबूचं लग्न झालं, दादीचे डोळे झाले. १९८८ मध्ये विहिरीवर पंप बसला. १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं आणि बाबा बरेच दिवस बेपत्ता होते. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय माणसं अम्मानमार्गे विमानांनी परत आणली गेली, त्यांत तेही आले, एका पिशवीनिशी. १९९२ मध्ये परत गेले. इराकी फौजांनी जाताना सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवून दिल्या होत्या. त्या विझून काही महिने झाले होते, पण बाबांनी पहिल्याच पत्रात लिहिलं की वाळूवर अजून काजळीची साय आहे आणि चालताना चपलेला चिकटते. त्या पत्रातल्या एका वाक्यावर दादी खूप वेळ थांबली होती, चाचीकडून तिने ते दोनदा वाचून घेतलं. बाबांनी लिहिलं होतं की इथे सगळे धुराची भीती घेतात, पण हेच तेल रोज साऱ्या दुनियेत जळतं, त्याचा धूर कुठे जातो याची चौकशी कुणी करत नाही.

१९९४ मध्ये कौलं उतरवून स्लॅब पडला. माळा मात्र दादीने हट्टाने राखला, मागच्या अर्ध्या भागावर. संडास-बाथरूम आत आलं, फरशी लागली, नळाला तोटी लागली. शेवगा आणि माझा पेरू पायरीच्या कामात गेले. मी तेव्हा वीस वर्षांची, पेरूसाठी रडायचं वय नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नळाखाली हात धरून वजू करताना मला फार सुख वाटायचं. मशिदीतही तेच झालं. जुना दगडी हौद, ज्यात मासे सोडलेले असायचे, तो बुजला आणि तिथे चकचकीत टाइलच्या ओट्यावर चौदा नळ ओळीने लागले. आखातातून आलेल्या वर्गणीतून. सगळ्या मोहल्ल्याला त्याचा अभिमान होता. दादी १९९७ मध्ये गेली. शेवटपर्यंत ती नळ फक्त बधना भरायला उघडायची.

दुसरा मे महिन्यातला रमजान १७-१८ मे २०१८ ला लागला. तोवर आम्ही सगळे पन्नाशीकडे झुकलेलो. स्लॅबचं घर रात्री बारापर्यंत भट्टीसारखं तापलेलं. दोन खोल्यांत एसी, ते चालू केले की पडवीत गरम हवेचा झोत. मशिदीची विहीर त्या वर्षी रमजानच्या दहाव्या दिवशी तळाला गेली. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलुखात आमच्या मोहल्ल्याने वजूसाठी टँकर मागवला. भाऊ कुवेतला बाबांच्या जागी. त्याने २०१६ च्या जुलैत तिथल्या मित्रिबाला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलेलं पाहिलं होतं. उन्हाळ्यात भरदुपारी उघड्यावर काम करायला तिथे सरकारी बंदी आहे, म्हणून तो आता पहाटे चारला कामाला लागतो. फोनवर म्हणाला, “बाबा कसे राहिले असतील गं तेव्हा?” मी म्हटलं, “तेव्हा इतकं नव्हतं.” हे वाक्य आमच्या घरात त्या महिन्यात किती वेळा बोललं गेलं, त्याची मोजदाद नाही.

त्याच रमजानात केपटाउनहून एक व्हिडिओ आला. दादीचे एक चुलते तिच्या जन्माआधी, दक्षिण आफ्रिकेचा १९१३ चा परदेशी लोकांना अडवणारा कायदा येण्यापूर्वी, तिकडे गेले होते. रत्नागिरी आणि जंजिऱ्याच्या मुलुखातली बरीच कोकणी मुसलमान घरं त्या काळात केपटाउनला जाऊन राहिली. त्यांच्या जुन्या पिढीच्या तोंडी अजून आपली बोली आहे. तिकडे तीन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. त्या वर्षी १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला पन्नास लिटरच पाणी वापरायची मुभा होती, आणि शहराचे बहुतेक नळ बंद करायच्या दिवसाला त्यांनी ‘डे झीरो’ नाव दिलं होतं. व्हिडिओत त्या घरातली आमची बहीण, मोडक्या कोकणीत बोलत, एका लहान प्लॅस्टिकच्या जगमधून वजू करून दाखवत होती. खाली टब होता, टबातलं पाणी ती पुढे कुंड्यांना घालत होती. म्हणाली, मशिदीत सांगितलंय की घरून वजू करून या आणि एक जग पाण्यातच करा. आमच्या घरी तो व्हिडिओ बघताना चाची एकदम उठली, मागे गेली आणि माळ्यावरून बधना काढून घेऊन आली. त्यावर हिरवा गंज चढला होता. चिंचेने घासायला तिला अख्खी दुपार लागली.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी बधना घेतला, असं मात्र झालं नाही. चाचीने घेतला. मी रमजान संपेपर्यंत घेतला आणि ईदनंतर परत नळावर गेले.

दादीसारखाच हिशेब अम्माच्या आईचा, नानीचा. तिचं घर श्रीवर्धनच्या बाजूला. तिकडची पोफळीची वाडी म्हणजे आमच्या सगळ्या सुट्ट्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी मोठी, गोल आणि आत पांढरी, तिला मुंबईच्या बाजारात वेगळा भाव. वाडीत उभं राहिलं की वर आभाळ दिसत नसे. खाली सुपारी, तिच्यावर मिरीचे वेल, मध्ये जायफळ, कडेला माड, पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात सावकाश फिरायचं. वटवाघळं रात्री सुपाऱ्या खाऊन टाकायची. आम्ही पोरं पत्र्याचा डबा वाजवायला धावलो की नानी अडवायची. तिच्या मते झाड लावणाऱ्याच्या फळातलं पाखराने खाल्लं, चोराने नेलं, तेही त्याच्या नावावर दान म्हणून जमा होतं. हा तिच्या धर्मातला हिशेब. सुपारीचा हिशेब ती वेगळ्या वहीत ठेवायची, त्यातही ती पक्की होती.

२०२० ची ईद टाळेबंदीत, २५ मेला. ईदगाह बंद, घरातच नमाज. नऊ दिवसांनी, ३ जूनला, निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. १८९१ नंतर जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतकं जोराचं वादळ आलं नव्हतं. मामूने सांगितलं की दुपारी दोन-अडीच तास पोफळी एकामागून एक कडाकड मोडत होत्या आणि त्या आवाजाने मामी कानांत बोटं घालून कलमा म्हणत बसली होती. संध्याकाळी वाडीतून पहिल्यांदा समुद्र दिसला. पंच्याऐंशी वर्षांच्या वाडीतून कधी समुद्र दिसला नव्हता.

पोफळ लावली की फळायला सहा-सात वर्षं लागतात. भरपाई ठरली ती माडामागे २५० आणि पोफळीमागे ५० रुपये. मामूने ते पैसे घेतले आणि रोपं आणली. तो तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. आम्ही त्याला कुणी ‘कशासाठी’ म्हणून विचारलं नाही, नानीच्या घरात तो प्रश्न येतच नाही. मुंबई, महाड, म्हसळ्याच्या मशिदींच्या जमातींचे टेम्पो आठवडाभर येत होते. ताडपत्री, कौलं, पत्रे, लाकूड कापायच्या करवती. मामूच्या ओट्यावर यादी होत होती. त्या यादीत कुणाचं नाव-आडनाव घातलं नव्हतं, घराचा क्रमांक आणि ‘छप्पर गेलं’, ‘अर्धं गेलं’, ‘म्हातारं माणूस आहे’ एवढंच. यादी करणारा मुलगा मामूच्याच ओळखीतला. आडनावं लिहिली की वाटणाऱ्याचा हात नकळत थबकतो, असं त्याचं म्हणणं. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

पुढच्या वर्षी ईद १४ मेला आणि दोन दिवसांनी तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं. बुबूचा माड, जो आमच्या परसातला त्या १९८६ च्या झाडांपैकी एकटा उरला होता, त्या रात्री पडला. बुबू महाडला दिलेली. तिला फोन केला तेव्हा ती काही क्षण गप्प राहिली आणि मग तिने विचारलं, “नारळ किती निघाले?” पुण्याच्या आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी मांडलं की गेल्या वीस वर्षांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं त्याआधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली आहेत. समुद्र तापला म्हणून. माझी मुलगी तेव्हा मुंबईला पर्यावरणाचं शिकत होती, ती हे आकडे घरात वाचून दाखवायची. बाबा ऐकायचे.

आणि मग २०२१ चा जुलै. २० तारखेला आषाढी, २१ ला बकरी ईद, २२ ला पूर. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला आणि ते पाणी घाट उतरून खाली आलं, वर भरतीची वेळ. २००५ चा २६ जुलै आम्ही पाहिला होता, त्यामुळे ओटीपर्यंत पाणी येणार हे धरून सामान कट्ट्यावर ठेवलं होतं. पहाटे पाणी ओटी, कट्टा, खिडक्या सगळं ओलांडून आलं. दादीने हट्टाने राखलेल्या त्या माळ्यावर आम्ही अकरा माणसं आणि पाठच्या घरातल्या काकू, त्यांच्या सून-नातवंडासह. पाण्यातून गॅसची टाकी तरंगत गेली, मग एक म्हैस. तिचं तोंड मला विसरता येत नाही.

चहूबाजूंनी पाणी आणि प्यायला एक कळशी. असरची वेळ झाली. चाचीने कळशीवर झाकण ठेवून त्यावर बसकण मारली. पुराच्या घाण पाण्याने वजू होत नाही, आणि कळशीतलं पाणी तहानेसाठी ठेवायचं तर तयम्मुम करावा, म्हणजे मातीने. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आम्हाला नुसता दगड चालत नाही, हाताला धूळ लागेल अशी कोरडी माती पाहिजे. साऱ्या चिपळूणभर त्या दिवशी कोरडी माती कुठे असणार? चाचीने माळ्याच्या कोपऱ्यातून एक जुना पत्र्याचा डबा ओढला. त्यात सारवायची तांबडी माती होती. जमीन सारवणं संपून सत्तावीस वर्षं झाली होती आणि डबा तसाच होता. तिने हात मातीवर टेकले, तोंडावरून फिरवले, पुन्हा टेकले, हातांवरून फिरवले. मग आम्ही सगळ्यांनी. काकू बघत होत्या. त्यांनी विचारलं आणि चाचीने समजावलं. काकू म्हणाल्या, “म्हणजे पाणी माणसाला आधी.” चाची म्हणाली, “हो.”

ईदचं कुर्बानीचं गोश्त वरच्या फळीवरच्या टोपात होतं, वीज नाही, टिकणार नाही. रॉकेलच्या स्टोव्हवर ते शिजवलं. काकूंसाठी आधी वेगळ्या टोपात डाळ-तांदूळ. रात्री मशिदीच्या वरच्या मजल्यावरून कुणीतरी बॅटरीच्या उजेडात नावं विचारत होतं, कोण कुठल्या माळ्यावर आहे याची. तिथे दीडशेच्या वर माणसं होती, बाजारपेठेतल्या दुकानांतले नोकर, एक नवरा-बायको देवदर्शनाहून परतताना अडकलेले. महाडला बुबूच्या घरातही त्याच रात्री सावित्रीचं पाणी. तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पाणी ओसरल्यावर बुबूचे दोघे मुलगे घरातला चिखल तसाच टाकून भाकऱ्यांची टोपली घेऊन त्या बाजूला निघाले.

गाळ काढायला आम्हाला पंचवीस दिवस लागले. शेवटी शेवटी मुलगी बाबांना एक कागद वाचून दाखवत होती. २०१५ च्या ऑगस्टात इस्तंबूलला जगभरचे मुसलमान आलिम, अभ्यासक जमले होते आणि त्यांनी हवामानबदलावर जाहीरनामा काढला होता, पॅरिसच्या करारापूर्वी काही महिने. त्यात श्रीमंत देशांना आणि तेल काढणाऱ्या देशांना सांगितलं होतं की शतकाच्या मध्यापर्यंत, त्याहून उशीर न करता, हा धूर बंद करा आणि यात तुम्ही पुढे व्हा. बाबा चिखलाने भरलेल्या खुर्चीवर बसले होते. “तेल काढणारे देश,” त्यांनी म्हटलं. मग बराच वेळाने, “मी तेवीस वर्षं त्यातच होतो. ही भिंत त्यातनं आली.” त्यांनी हात ठेवलेल्या भिंतीवर पुराची रेघ त्यांच्या डोक्याच्या वर होती.

मुलगी म्हणाली, “तुमचा काय दोष, नाना?” ते म्हणाले, “दोष नाय म्हणत. हिशेब म्हणतोय.”

मी हे मुद्दाम लिहून ठेवते. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरांनी हे बोलायला हवं, कारण दोन्ही टोकं आमच्याच घरात आहेत. एका टोकाला बधना आणि दुसऱ्या टोकाला तेलविहीर. मध्ये आमची पिढी, जिने पहिलं टाकलं आणि दुसऱ्यावर वाढली. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत नैरोबीला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत ‘अल-मीजान’ नावाचा आणखी मोठा मसुदा आला. मीजान म्हणजे तराजू. तो चांगलाच आहे. पण माझ्या मुलीने जे केलं ते मसुद्यावर न थांबता केलं, म्हणून मला त्याचं अधिक मोल वाटतं.

तिने घरच्या नळाखाली बादली ठेवून भावाचं, म्हणजे तिच्या मामाचं, वजू मोजलं. पाच लिटर आणि थोडं वर. मग जुम्म्याच्या नमाजाला येणारी माणसं तीनशे धरली आणि दीड हजार लिटर हा आकडा कागदावर लिहून चाचाच्या हातून जमातीकडे पाठवला. बायांचं जमातीत बसणं आमच्याकडे अजून नाही. एका जुम्म्याला दीड हजार लिटर स्वच्छ, साबण नसलेलं पाणी गटारात जातं आणि मे महिन्यात आपण टँकर मागवतो, एवढंच पत्र. उत्तर यायला आठ महिने लागले. एकदा पत्र हरवलं, तिने परत दिलं. इमामसाहेबांनी एका शुक्रवारी त्यावर खुतबा दिला आणि पुढच्या महिन्यात चौदांपैकी सहा नळ काढून तिथे पाण्याचं पिंप आणि बधने आले, स्टीलचे. उरलेल्या नळांना बारीक धारेच्या तोट्या. ओट्याचं पाणी पाइपाने मागे नेऊन विहिरीजवळ एक खड्डा खणला, खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू. खणायला मोहल्ल्यातली पोरं होती आणि काकूंचा नातू, जो त्या रात्री माळ्यावर तयम्मुम बघत होता.

खड्डा खणताना चार फुटांवर दगडी पायरी लागली. जुन्या हौदाची.

बाबा गेल्या वर्षी गेले. चाची आहे, ऐकायला कमी येतं. श्रीवर्धनला मामूच्या वाडीत सहा वर्षांच्या पोफळींना या वर्षी पहिला फुलोरा आला, त्याने फोटो पाठवला. रमजान सध्या थंडीच्या दिवसांत आहे, रोजे लहान, तहान कमी. २०५० मध्ये तो पुन्हा मे-जूनच्या उन्हात येईल. इस्तंबूलच्या कागदातलं शतकाचं मध्यही तेच. मी असलेच, तर शहात्तर वर्षांची, म्हणजे १९८६ मध्ये दादी होती त्याच वयाच्या आतबाहेर. माझी मुलगी तेव्हा पन्नाशीकडे झुकलेली. तिने परवा परसात, स्लॅबच्या पायऱ्या सोडून जी वीतभर जागा उरली आहे तिथे, एक पेरू लावला. आळं केलं आणि बाजूला पाट ठेवला. फजरच्या वेळी मी बधना घेऊन तिथे जाते. गुडघे दुखतात, पाटावर बसायला वेळ लागतो. पेरूला आता आठ पानं आहेत.